घरचे कागद, घरचं यंत्र

(रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृतिव्याख्यानमालेत संगणकावर व्याख्यान कशासाठी, असं निमंत्रणपत्रिका पाहून काहींच्या मनात आलं असेल. ज्या गुरुजींच्या नावाने ही माला चालते, त्यांनी घरोघरचे जुने कागद जपायला लोकांना शिकवलं. मी त्याच कामाबद्दल बोलणार आहे. घरचे कागद आता बहुतांशी कागदावर राहिलेले नाहीत, म्हणून संगणकाचा विषय निघतो.

कोकणातल्या घराची स्मृती कुठे असायची? माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत. सातबारा, आठ-अ, वाटपपत्र, मोडीतलं एखादं गहाणखत, मुंबईहून आलेली पोस्टकार्डं, लग्नातले काळेपांढरे फोटो. ट्रंक कुणाकडे राहावी यावरून भावाभावांत बोलणं बंद झालं असेल, पण ती घरात होती. आज सातबाऱ्याची पीडीएफ धाकट्याच्या मोबाइलमध्ये असते, गणपतीतले फोटो बोरिवलीच्या वहिनींच्या खात्यात, आजीचा आवाज व्हॉट्सॲपच्या कुठल्याशा जुन्या ग्रुपवर, आणि वाटपाचा मसुदा अशा ईमेलमध्ये, ज्याचा पासवर्ड फक्त वारलेल्या काकांना ठाऊक होता. चार ठिकाणी विखुरलेल्या या वस्तूंपैकी एकही घराच्या ताब्यात नाही.

आणि ज्यांच्या ताब्यात त्या आहेत, त्यांचे नियम ते स्वतःच्या सोयीने बदलतात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आपल्याकडच्या एका पिढीच्या कॉलेजच्या दिवसांचं सगळं बोलणं तिथे होतं. गूगल फोटोजवर २०१५ पासून ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत होते; १ जून २०२१ पासून नवे फोटो पंधरा जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले. यात बेकायदा काही नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण याहून गंभीर घटना जुलै २०२५ मध्ये आपल्याच देशात घडली. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीचा मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. युरोपीय संघाने त्या कंपनीवर निर्बंध लावले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांना स्वतःच्या कंपनीचं ईमेल उघडेना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कारखान्याकडे वकील तरी होते. राजापूरच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचं खातं उद्या यंत्रानेच संशयावरून बंद केलं, तर त्याने दाद कुठे मागायची?

ही स्मृती घराच्या ताब्यात परत आणता येते, असं माझं म्हणणं आहे. साधनं तयार आहेत, बहुतेक विनामूल्य आहेत. पण ती निवडताना क्रम पाळावा लागतो: आधी फाइल, मग प्रोग्राम, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. उत्साही तरुण नेमका उलटा क्रम धरतात. आधी यंत्र विकत घेतात, मग त्यावर काय चालवायचं ते शोधतात, आणि फाइलचा विचार कधीच करत नाहीत. फाइल आधी का, याचं उत्तर मराठीच्याच अलीकडच्या इतिहासात आहे. तिथे मी थोडा रेंगाळणार आहे.

१९९० च्या दशकात आपल्याकडे डीटीपी आलं, खिळे जुळवणारे छापखाने एकामागून एक मिटले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव ही नावं तेव्हा प्रत्येक छापखानेवाल्याच्या तोंडी होती. या फाँटनी मराठी छपाईचं फार मोठं काम केलं, हे आधी मान्य करू या. पण त्यांची रचना कशी होती ते पाहा. त्या वेळच्या संगणकाला देवनागरी ठाऊकच नव्हती. त्याला रोमन अक्षरांचे क्रमांक ठाऊक होते. म्हणून फाँट करणाऱ्यांनी त्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवले. एका क्रमांकावर म, दुसऱ्यावर काना, तिसऱ्यावर वेलांटी. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसायची, फाइलीत मात्र निरर्थक रोमन अक्षरांची रांग साठवली जायची. कोणत्या क्रमांकावर कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं होतं. फाँट हरवला की मजकूर हरवला. एका कंपनीच्या फाँटमध्ये टाइप केलेली स्मरणिका दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये उघडली की काहीतरी भलतंच दिसायचं. त्यात एखादा शब्द शोधणं तर अशक्यच.

समाईक मानक नव्हतं असंही नाही. इस्की हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांचं मानक असलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. पण छापखान्यांत जुनेच फाँट चालत राहिले, काही ठिकाणी आजही चालतात. त्या काळातले दिवाळी अंक, शाळांच्या शताब्दीच्या स्मरणिका, गावांचे इतिहास, प्रबंध यांच्या कितीतरी मूळ फाइली आज असून नसल्यासारख्या आहेत. छापील प्रत असेल तर मजकूर पुन्हा टाइप करायचा. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, ते बहुतेक अक्षरं बरोबर आणतात आणि जोडाक्षरांवर अडतात. मराठी माणसाने बंद पद्धतीची किंमत इंटरनेटच्या आधीच मोजलेली आहे.

त्याच्याही आधी मोडीचं झालं. ट्रंकेत कागद सुरक्षित आहे, शाई शाबूत आहे, आणि घरात वाचणारं कुणी नाही. या जिल्ह्यात असे रुमाल बांधलेले कागद अजून निघतात. २०१४ मध्ये मोडीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळालं, आज मोडीचे मोकळे फाँट उपलब्ध आहेत, ज्यांना शिकायची आहे त्यांना संगणकावर मोडी लिहिता येते. पण मधल्या दोन पिढ्यांत जे वाचायचं राहिलं ते राहिलंच. वस्तू टिकली तरी ती वाचण्याची रीत टिकली पाहिजे, आणि ती रीत एकाच कंपनीच्या किंवा एकाच माणसाच्या हाती असता कामा नये.

म्हणून पहिली निवड फाइलची. मजकूर युनिकोडमध्ये. लेखन ओडीटी या फाइलप्रकारात, तो २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. पक्के कागद पीडीएफमध्ये, फोटो जेपीजीमध्ये, आणि फोल्डरांना वर्षांची आणि प्रसंगांची साधी मराठी नावं. एवढं केलंत आणि आयुष्यभर विंडोजच वापरलंत, तरी निम्म्याहून अधिक काम झालं असं मी म्हणेन.

आता प्रोग्राम. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली, १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं, ही कथा पुष्कळांना माहीत आहे. मला त्यातला परवाना महत्त्वाचा वाटतो. प्रोग्रामचा स्रोत कुणालाही पाहता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो. सामान्य माणूस स्रोत उघडून बघणार नाही, मग त्याला याचा उपयोग काय? उपयोग असा की मालकाचं मन बदललं तर काम थांबत नाही. लेखन-हिशेबाचं ओपनऑफिस ओरॅकल कंपनीच्या हाती गेलं, तेव्हा २०१० मध्ये ते लिहिणारेच बाहेर पडले आणि त्याच स्रोतावरून लिबरऑफिस उभं राहिलं. २०१६ मध्ये स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवणाऱ्या ओनक्लाउडमधून नेक्स्टक्लाउड निघालं. घरचे सिनेमे दाखवणाऱ्या एम्बीने स्रोत बंद केला, तेव्हा २०१८ मध्ये जेलिफिन निघालं. तिन्ही वेळा वापरणाऱ्यांच्या फाइली जशाच्या तशा राहिल्या. बंद प्रोग्रामच्या बाबतीत हा दरवाजा परवान्यानेच बंद केलेला असतो.

याचा रत्नागिरीच्या घराशी आजचा संबंध सांगतो. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. धडधाकट चालणारे असंख्य संगणक या अटीत बसत नाहीत. घरात, पतसंस्थेत, शाळेच्या संगणककक्षात आठ-दहा वर्षांची अशी यंत्रं पडून आहेत. चार जीबी मेमरी असली तरी त्यांवर लिनक्स मिंट व्यवस्थित चालतं. पेनड्राइव्हवरून सुरू करून, यंत्रातलं काहीही न पुसता, आधी बघून घेता येतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, ते तपासा आणि मग ठरवा.

सगळ्यांनी लिनक्स घ्यावं असं मी म्हणत नाही. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे, ज्यांना निविदांसाठी डिजिटल सहीचा डोंगल लागतो, ज्यांचं छापखान्याचं काम जुन्या फाँटवर अवलंबून आहे, त्यांनी एक विंडोज यंत्र ठेवावंच. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात, तेही आधी पाहावं. पण घरातलं लिहिणं, वाचणं, बँक, फोटो, सिनेमा, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी आता काहीही अडत नाही.

मराठीचं काय, हा प्रश्न नेहमी येतो. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, सेटिंगमध्ये जाऊन निवडायचा. ‘दऱ्या’, ‘खोऱ्यात’ यांतला र डोळ्यावरच्या पापणीसारखा काढायचा असतो, ही मराठीची खास गरज. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे, आणि अक्षरं जुळवणारं हार्फबझ नावाचं मुक्त साधन ती पाळतं. हेच हार्फबझ फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही आहे. फाँट म्हणाल तर रेड हॅटने लोहित मोकळा केला, मुंबईच्या एक टाइपने मुक्ता आणि बलू दिले, राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणली. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत, छोटे आणि विनामूल्य. आणि ज्याचं मला सर्वांत अप्रूप वाटतं ते टेसरॅक्ट. छापील मराठी पानाचा फोटो दिला की ते मजकूर ओळखून देतं. मघाशी म्हटलं त्या हरवलेल्या स्मरणिका छापील प्रतींवरून परत आणण्याचा हाच मार्ग आहे. चुका होतात, मुद्रितशोधन करावं लागतं, पण सगळं नव्याने टाइप करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

आता यंत्र, म्हणजे घरचा सर्व्हर. नाव मोठं असलं तरी वस्तू साधी असते: सतत चालू राहणारा एक संगणक, जो घरातल्या सगळ्या फोनचे फोटो आणि कागद एका जागी घेतो. नवीन घेऊ नका. जुना लॅपटॉप घ्या. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नाही, आणि लॅपटॉपची स्वतःची बॅटरी असते. ती फुगलेली मात्र नसावी, वर्षातून दोनदा उलटा करून पाहावा. असा लॅपटॉप झाकण मिटून दहा वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे महिन्याला सुमारे सात युनिट. त्यावर डेबियन किंवा उबुंटू हा लिनक्सचा प्रकार टाका. फोटोंसाठी इमिच आहे. फोन घरच्या वायफायवर आला की फोटो आपोआप उतरतात, आणि चेहरे ओळखण्याचं कामही त्याच लॅपटॉपवर होतं, बाहेर कुठेही जात नाही. कागदांसाठी पेपरलेस-एनजीएक्स. सातबारा, विजेचं बिल, दवाखान्याचे रिपोर्ट स्कॅन करून टाका, ते टेसरॅक्टच्या मदतीने वाचून ठेवतं आणि पुढे एखाद्या गट क्रमांकावरून शोधता येतं. एवढंही नको असेल तर फक्त सिंकथिंग. त्याला सर्व्हरच लागत नाही. दोन यंत्रांतला एक फोल्डर ते कायम सारखा ठेवतं. सुरुवात इथूनच करावी असा माझा आग्रह आहे. लगेच वीस प्रोग्राम चढवणाऱ्यांचा उत्साह पहिल्या पावसाळ्यात संपतो.

पावसाळ्याबद्दल थोडं. मे महिन्याच्या वळिवात आणि ऑक्टोबरात विजा पडतात, तेव्हा राउटर आणि लॅपटॉप दोन्हींचे प्लग काढावेत. तांब्याच्या टेलिफोन तारेतून वीज आत येऊन उपकरणं जळायची, फायबरमुळे तो धोका गेला, पण विजेच्या बोर्डातून येणारा धोका आहेच. किनाऱ्यावरची खारी हवा जोडण्या गंजवते. यंत्र समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नये.

बाहेरगावाहून घरचे फोटो पाहायचे झाले की एक अडचण येते. पुष्कळ इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे पुण्याहून थेट तुमच्या घरच्या यंत्रापर्यंत पोचता येत नाही. यावर वायरगार्ड हा उपाय आहे, २०२० पासून तो लिनक्सच्या गाभ्यातच आहे. तुमचे फोन आणि घरचं यंत्र यांच्यात तो एक खाजगी, कुलूपबंद वाट तयार करतो. मात्र दोन टोकांपैकी एकाला तरी सार्वजनिक पत्ता हवा. तो नसेल तर टेलस्केलसारखी सेवा वायरगार्डच्याच आधारे मधला दुवा होते. सर्व्हर मात्र साऱ्या जगाला उघडा करून ठेवू नका, उघडी दारं शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. आणि ईमेल घरी चालवू नका. घरगुती पत्त्यावरून गेलेली पत्रं मोठ्या सेवा स्पॅममध्ये टाकतात, आणि तुमचं महत्त्वाचं पत्र पोचलं नाही हे तुम्हाला कळतही नाही. ईमेल विकतचं घ्यावं, फक्त पत्ता स्वतःच्या नावाच्या डोमेनवर ठेवावा, म्हणजे सेवा बदलली तरी पत्ता बदलत नाही. सगळंच घरी असलं पाहिजे हा हट्ट मला मान्य नाही. जे हरवलं तर पुन्हा मिळणार नाही, ते घरी हवं.

आणि घरी म्हणजे फक्त घरी नव्हे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर हे १८६४ पासूनचं वाचनालय, त्यातले ग्रंथ भिजले. घराघरांतून फोटोंचे अल्बम, जमिनीचे कागद, संगणक चिखलात गेले. ज्यांचे फोटो गूगलवर होते त्यांचे वाचले, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. घरी सर्व्हर ठेवणाऱ्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावात नसेल, तर त्याने मोठ्या कंपनीचं खातं सोडू नये. छायाचित्रकारांत एक नियम रूढ आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. कोकणातल्या कुटुंबाला वेगळं ठिकाण शोधावं लागत नाही. मूळ घर लांज्यात किंवा गुहागरात आणि बिऱ्हाड डोंबिवलीत, अशीच आपली रचना शंभर वर्षं आहे. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दुसरा जुना लॅपटॉप ठेवा, रात्री बोर्ग किंवा रेस्टिक नावाचा प्रोग्राम तिकडे प्रत पाठवेल, तीही कूटबद्ध, म्हणजे तो लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येणार नाही. गणपतीत घर भरलेलं असतं. त्या दिवसांत एकदा, त्या प्रतीतून एखादा जुना फोटो खरोखर परत काढून बघा. परत काढून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबू नये.

ज्यांना मुंबईत कुणी नाही त्यांचं काय? इथे मला या गावाच्या वाचनालयाची आठवण करून द्यायची आहे. रत्नागिरीत नगर वाचनालय १८२८ पासून आहे, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत ते मोजलं जातं. घरात ग्रंथ परवडत नाहीत म्हणून गावाने एकत्र ठेवावेत, ही गोष्ट या जिल्ह्याला नवी नाही. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी सभासदांच्या डिजिटल कागदांची कूटबद्ध दुसरी प्रत ठेवायचं काम का करू नये? यंत्र एक, काही मोठ्या डिस्क, वार्षिक वर्गणी, आणि किल्ली सभासदाकडेच, म्हणजे ग्रंथपालालाही आतलं दिसणार नाही. चिपळूणच्या वाचनालयाची प्रत रत्नागिरीत, रत्नागिरीची कणकवलीत. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे उभं करू शकणारी मुलं आहेत. त्यांना दरवर्षी प्रकल्पाला विषयही हवेच असतात.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत कठीण वाटतो. घरात हे सगळं कळणारा एकच माणूस असतो. तो परदेशी गेला, आजारी पडला, वारला, की सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातली बंद पेटी होते. मोठ्या कंपनीच्या बंद खात्यासारखीच तीही बंद. स्वतःच्या हौसेपोटी बायकोमुलांना अशा अवस्थेत टाकणं मला अन्याय वाटतो. म्हणून एक कागद लिहावा, मराठीत, हाताने, आणि तो घरच्या जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावा. यंत्र कुठे आहे, पासवर्ड काय, दुसरी प्रत कुणाकडे, तिची किल्ली कोणती, इंटरनेटचं आणि डोमेनचं बिल कधी भरायचं. आणि ठळक अक्षरांत हे: काहीच चाललं नाही तर ही बाहेरची डिस्क कोणत्याही संगणकाला जोडा, फोटो ‘फोटो’ नावाच्या फोल्डरमध्ये वर्षवार आहेत, कागद ‘जमीन’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, कोणताही प्रोग्राम लागणार नाही. ही ओळ खरेपणाने लिहिता यावी म्हणून तर आधी फाइल, मग प्रोग्राम, मग यंत्र. घरातल्या ज्या व्यक्तीला संगणकात रस नाही, तिच्याकडून त्या कागदाप्रमाणे एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावं. तिला जमलं नाही तर कागद पुन्हा लिहावा.

संयोजकांनी येत्या रविवारी सकाळी याच सभागृहामागचा वर्ग उघडा ठेवायचं कबूल केलं आहे. मी आणि इथल्या महाविद्यालयातले काही विद्यार्थी तिथे असू. ज्यांना जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवून पाहायचं आहे त्यांनी लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि एक रिकामा पेनड्राइव्ह घेऊन यावं. यायच्या आधी त्यातले फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवून ठेवा. ज्याची दुसरी प्रत नाही असं काहीही घेऊन येऊ नका.